अंबाडीचा गुन्हा

देवानं अंबाडीची पानं आन गांजाची पानं एकाच कातरीनं कापली, ही त्येची चूक. माजी न्हाई. हिला पाच बोटं, त्येलाबी पाच बोटं. आता अंबाडी चावली तर आंबट लागती, कांडाला बारीक काटं असत्यात, पिवळं फूल येतं आन फुलाच्या पोटात जांभळा डोळा असतो. पर हे दिसतं कुणाला, तर खाली वाकून बगणाऱ्याला. वरनं बगितलं तर समदं हिरवंच की.

आन त्यांनी वरनंच बगितलं.

जतच्या अलीकडं माळावर आमची धनगराची वस्ती. बाजरीच्या कडंकडंनं मी दर साली अंबाडी टोकती. कवळी हाय तवर तिची भाजी करायची, कण्या घालून, वर लसणाची फोडणी. म्हातारी झाली की भिजवायची, सोलायची आन वाखाचा दोर वळायचा. आमचा दोर लय पक्का. माज्या सासऱ्यानं एकदा त्या दोरानं ढग बांधला व्हता. हसू नगासा. कर्नाटकाकडं निघालेला ढग, अंगानं ठेंगणाच, टेकडीला पोट घासत चाललेला. मामंजींनी फास टाकला आन बाभळीला गाठ मारली. दिसभर ढग बाभळीखाली म्हशीगत उभा. सांजच्याला घमेलंभर पाणी दिलं, तवा कुटं सोडला. बाभळ अजून हाय, बगायची आसंल तर या कवाबी.

तर यंदा भादव्यात माळावर भुंग्यागत घुंई आवाज आला. वर बगती तर चार पंख्यांचं काळं यंत्र. माजा कोंबडा त्येच्या सावलीवर धावून गेला, शेरडं खोपटात पळाली. मी वर बगून हात केला. पुढं त्यो फोटू मला दाखवला त्यांनी, लय झ्याक आलीया मी.

यंत्र पोलिसांचं व्हतं. तालुका नशामुक्त करायचा पंधरवडा लागला व्हता. मला यंत्राचं भ्या न्हाई वाटलं. भ्या वाटलं ते घरात निजलेल्या पोराचं.

विश्वजित माज्या थोरल्याचा ल्योक. बाप गेला तवापासनं रानाच्या सातबाऱ्यावर त्येचंच नाव. कुपवाडला कारखान्यात मशिनीवर व्हता. एक पाळी संपली की दुसरी, हात जरा थांबला की मुकादम वरडायचा. मंग एकानं पावडर दिली, म्हणला, "वड, झोप येणार न्हाई." झोप ग्येली, ते खरं. तिच्या मागनं भूक ग्येली, भुकंच्या मागनं हसू ग्येलं. आखाडात घरी आलं ते पोरगं वाळल्या शेंगंगत, हलवलं तर आत वाजंल आसं. त्येच्या खोलीवर धाड पडली तवा ह्यो च्या प्यायला भाईर ग्येलता म्हणून वाचला. बाकीची पोरं आत ग्येली. पावडर करणारा बी ग्येला म्हणं, पर वकिलासंगं लगीच परत आला. आता त्येचा फोटू चौकात फलकावर हाय, गणपतीच्या शुभेच्छा देतोय.

मी म्हणलं पोराला दवाखान्यात न्यावं. विश्वजित माजं पाय धरून रडाया लागला. "आज्जे, दवाखान्यात नाव लिवत्यात. नाव लिवलं की पोलीस. एकदा केस झाली की मला कोण कामाला ठेवंल?" त्येचं बी खरंच. म्हणून म्या त्येला आतल्या खोलीत ठिवला, आन वस्तीला सांगितलं कावीळ झालीया.

कावीळ म्हणल्यावर जो तो वैद. एकीनं नाकात घालायचं थेंब आणलं, दुसरीनं काविळीची माळ, तिसरीनं तिच्यापेक्षा गुणाची माळ. पोराच्या गळ्यात तीन माळा झाल्या, लगनाला उभा ऱ्हायल्यागत दिसाया लागलं. दिसभर निजायचं. उठलं की भिताडाकडं बगून म्हणायचं, "आज्जे, एकदाच घेतो, मंग न्हाई." मी दाराला आडवी बसायची आन थापा मारायची. लांडग्यानं माजं लगीन लावून दिलं, ती. कोल्हापुरच्या पैलवानाला माज्या बोकडानं आस्मान दाखवलं, ती. थाप लांबली की त्येची तलप जायची. म्हणून लांबवायची. कवा कवा तर सांगता सांगता माजंच मला खरं वाटायचं.

आता ह्येच्या मधी पोलीस येऊन पोराचं नाव ईचारलं तर? मला एवढंच भ्या.

दुसऱ्या दिशी सकाळीच जीप आली. म्होरं फौजदार बाई, प्रियदर्शनी नावाच्या, वयानं माज्या धाकट्या नातीएवढ्या. मागं नानासो हवालदार, माणूस चांगला, पर पोट त्येच्या आदी उतरतं.

"आजी, हे रान कुणाचं?"

"माजं. या, बसा. ताक घ्या वाईच."

"इथं गांजाची लागवड आहे, अशी माहिती आलीय."

नानासो कडंला गेला. वाकला, पान खुडलं, तोंडात टाकलं. डोळं बारीक झालं त्येचं. "मॅडम, अंबाडी हाय ही."

"मलाही दिसतंय, नानासो. माझी आई करते."

"मंग?"

"मग काय? ड्रोनचा फोटो कालच ग्रुपवर गेलाय. साहेबांनी पत्रकारांना सांगूनही टाकलंय, गांजाची शेती उद्ध्वस्त म्हणून."

मी म्हणलं, "आवं बाई, पर उद्ध्वस्त कुटं झालीया? ती बगा की, उभी हाय."

"ती आज करायचीय."

"बातमी आदी आन काम मागनं? मी निदान काम झाल्यावर वाढवून सांगती. तुमी तर माज्या बी म्होरं ग्येलासा."

नानासो तोंड फिरवून खोकला. बाईंना हसू आलं, पर त्यांनी ते आत गिळलं.

पंच म्हणून नईमला आणला. वाटंच्या कडंला त्येचं पंक्चरचं दुकान हाय. इलाही आन सुगराबीचा ल्योक, मायाळू पोरगं, पर खाकी बगितली की दुकान वढून आत बसतो. त्यो म्हणला, "मॅडम, सही करतो. पर अंबाडी म्हणून लिवा."

"तसं लिहिता येत नाही. नमुना तपासणीला जाईल. तोवर 'संशयित वनस्पती'."

"तिकडं बी आसंच म्हणलं व्हतं मला. तपासतो, तवर बस."

"तिकडं म्हणजे?"

नईमच्या आदी मीच सांगाया लागली. ह्यो आखातात गाडी चालवाया निघाला. सुगरीनं डिंकाचं लाडू दिलं, आन वर खसखशीची पुडी. पोराला शिरा करून खाता यावा म्हणून, आयंचीच माया. तिकडल्या इमानतळावर पुडी उघडली आन ह्येला धरला. तितं खसखस म्हंजी अफूचं बी. ह्यो सांगतोय, आवं, आमी ही आनारशाला लावतो. त्यांस्नी आनारसा काय ठावं? सुगरी हिकडं रोज म्हणायची, हरणे, लाडवानं माज्या पोराला तुरुंगात घातला गं.

"खरं आहे हे?" बाईंनी ईचारलं.

नईमनं मान हलवली. "आन मॅडम, मी तर सुटलो. माज्या कोठडीत एक सैपाकी व्हता, फिलिपिन्सचा. त्येच्या गल्लीत पोलीस आलं, धाकट्या भावाचं नाव यादीत हाय म्हणलं, आन दारातच गोळी घातली. भाव पावडर घ्यायचा, इकायचा न्हाई. दुसरा कोलंबियाचा. त्येच्या रानावर सरकारनं इमानातनं आवशीद फवारलं. नशंचं झाड मरावं म्हणून. झाड ऱ्हायलं डोंगरात, ह्येचा मका आन केळी जळून ग्येली."

हे मी वस्तीवर कितीदा सांगितलं आसंल. समदी म्हणत्यात, हरणाबाई, ढग बांधल्याली खरी वाटती, पर ही लयच झाली. मी जलमभर थापा मारल्या त्या लोकांनी गोडीनं खाल्ल्या. ही एकच खरी सांगितली, ती कुणाला पटंना.

फौजदार बाई मातूर हसल्या न्हाईत. म्हणल्या, "पोर्तुगाल नावाचा देश आहे. तिथं नशा करणाऱ्याला कोर्टात उभं करत नाहीत. समितीपुढं बसवतात, बोलतात, डॉक्टरकडं पाठवतात. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. एका तासात."

मी गपकन नानासोकडं बगितलं. मला वाटलं ही पोरगी माज्यावर ताण करती.

"बाकीचे तास?" नईमनं ईचारलं.

"बाकीचे तास, कसं पकडायचं ते."

तेवढ्यात नानासोनं कागुद काढला. "मॅडम, सातबारा विश्वजितच्या नावावर हाय. आरोपी त्योच लागंल. कुटं हाय त्यो, हरणाबाई?"

"कावीळ झालीया त्येला. जवळ जाऊ नगासा, लागती."

"कावीळ लागत न्हाई आशी."

"ही लागती. कालच आमची म्हस पिवळी झाली."

माजी थाप अजून आर्ध्यात, आन आतलं दार वाजलं. विश्वजित उंबऱ्यात उभा. गळ्यात तीन माळा, अंगाला घाम, हाताची बोटं आपली आपण हलत्याली. बाईंनी त्येच्या डोळ्यांत बगितलं आन हळूच म्हणल्या, "आजी, काविळीत डोळे पिवळे होतात. ह्याचे पांढरे आहेत."

"आज्जे, ऱ्हाऊदे," विश्वजित म्हणला. "मॅडम, मी पावडर घ्यायचो. कुपवाडला. आखाडापासनं बंद हाय. न्हाई, एकदा मधी घेतली. खरं सांगतो."

नानासोचं तोंड उजळलं. त्यो वाईट न्हाई, पर त्येलाबी वरनं फोन येत असत्यात. "मॅडम, काम सोपं झालं. रक्त काढूया. आरोपी बी गावला, बातमी बी खरी झाली."

रक्त. अंबाडी कितीबी तपासली तरी अंबाडीच निघणार, पर पोराचं रक्त काय सांगंल, ते मला कुणी शिकवायला नगं व्हतं. मी पदर खोचला आन मधी जाऊन उभी ऱ्हायली.

"लिवा. म्होरक्या मी हाय."

"काय?"

"टोळीची म्होरक्या. हरणाबाई. वय एकशे बारा."

"आजी..."

"लिवा म्हणती न्हवं? हे रान मी पेरलं, बी मी टोकलं, पाणी मी घातलं. पोराला ह्यातलं काय बी ठावं न्हाई. सातबाऱ्यावर नाव हाय, पर त्येला नांगराचं तोंड कुणीकडं आसतं ते ईचारा."

"माल कुठं जातो?" नानासोनं ईचारलं. त्येलाबी आता गंमत वाटाया लागली व्हती.

"जरमनीला."

"कसा?"

"शेरडांवर. पोटाखाली बांधायचा आन सोडून द्यायचं. बेळगावाला उजवीकडं वळत्यात. म्होरं त्यांची त्यांस्नी वाट ठावं हाय."

"समुद्र?"

"पवत्यात."

"आन परत?"

"परत इमानानं. दमत्यात वो बिचारी."

नईम हसू दाबून लाल झाला. विश्वजित "आज्जे, आगं काय बोलतीस" म्हणत म्होरं आला, त्येला मी कोपरानं मागं लोटला. बाई माज्याकडं बगतच ऱ्हायल्या. आदी त्यांस्नी वाटलं म्हातारीचं डोस्कं फिरलं. मंग त्यांनी एकदा अंबाडीकडं बगितलं, एकदा पोराच्या हाताकडं, आन मला दिसलं, त्यांच्या आतमधी कायतरी जाग्यावर बसलं.

"नानासो," त्या म्हणल्या, "आरोपीनं गुन्हा कबूल केलाय. कशाची कबुली देतीय ते तपासणीत कळेल. मुलाच्या रक्ताची गरज नाही."

"आवं पर मॅडम, पोरगं सवताच बोललं की..."

"पोरगं आजारी आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालवू नये, अशी सोय कायद्यातच आहे. कुणी वापरत नाही, एवढंच." त्या विश्वजितकडं वळल्या. "तू स्वतःहून निघालायस ना? मिरजेला, सरकारी दवाखान्यात?"

पोराला कळंना. मी मागनं त्येला चिमटा काढला.

"व्हय मॅडम. आपणहून."

"मग आत्ता निघ. मी पंचनामा लिहितेय. माझी मान खाली आहे."

खरंच, मान खाली घातली बाईंनी. नईमनं मोटारसायकल काढली. पंचाची सही व्हायची व्हती, ती त्येनं गाडीवर बसल्या बसल्याच ठोकली. 'संशयित वनस्पती' ह्येच्या म्होरं त्येनं आपल्या अक्षरात 'आंबट' एवढं लिवलं. विश्वजित मागं बसला. वळणापातुर मागं बगत व्हता.

मंग मी बाईंस्नी ईचारलं, "ही सोय आदी कुणी सांगितली आसती, तर म्या पोराला चार भिताडात कोंडला नसता. दवाखान्याच्या दारावर का लिवत न्हाईसा हे?"

बाईंचा पेन चालतच ऱ्हायला, पर कागुदावर अक्षर उमटत न्हवतं, ते मला बिन अक्षराची आसून बी कळलं.

दुपारपातुर अंबाडी उपटली. उभं रान भादरल्यागत झालं. जप्तीचा गठ्ठा बांधताना एक जुडी नानासोच्या डब्याच्या पिशवीत ग्येली. मी म्हणलं, "लसूण जरा जास्ती घाला." त्यो म्हणला, "ठावं हाय."

मला वाटलं आता हातकड्या घालून जीपीतनं मिरवत न्हेत्यात. मी नवं लुगडं नेसून बसली. तर न्हेलं, जबाब घेतला, वय एकशे बाराचं खोडून शहात्तर केलं, आन नोटीस हातात देऊन सांजच्याला माघारी धाडलं. बोलवलं की यायचं म्हणं. दुसऱ्या दिशी पेपरात आलं, 'माळरानावर गांजाचा मळा, वृद्धा ताब्यात'. वस्तीवर पेपर फिरला. बाया हसून गडाबडा लोळल्या. पर कुपवाडला जो पावडर करतो त्येचं नाव पेपरात कुटंच न्हवतं. फोटू व्हता, पर त्यो दुसऱ्या पानावर, सत्काराचा.

चार दिसांनी मिरजंला ग्येली. लांब दालन, दोन्ही अंगाला खाटा. विश्वजित शेवटच्या खाटंवर. गळ्यातल्या माळा नर्सनं काढून ठिवल्या व्हत्या. हाताला सलाईन, डोळं खोल, पर मला बगून बसला, आन हसला न्हाई तरी हसायची तयारी केली त्येनं. डॉक्टर म्हणलं, येळ लागंल. मधी पडंल, परत उठवायचा. रागवायचं न्हाई.

मी भाकरी सोडली. शेजारच्या खाटंवर त्येच्याच वयाचं एक पोरगं, तसंच वाळलेलं, तसंच घामेजलेलं. त्येचा डावा हात बेडीनं खाटंच्या लोखंडाला अडकवलेला. अंग थरथरलं की बेडी लोखंडावर वाजायची, टिणटिण टिणटिण. पायथ्याला स्टुलावर एक शिपाई मोबाईल बगत बसलेला.

मी त्येला ईचारलं, "ह्येला काय झालंय, साहेब?"

"तुमच्या पोराला झालंय तेच, आज्जी."

"मंग ह्येला बेडी का?"

त्येनं मान वर केली. चिडून न्हाई, सरळच बोलला. "तुमचा आला. ह्यो घावला."

एवढंच. मला पुना पुना तेच ऐकू येत व्हतं, आला, घावला. दुखणं एक, पावडर एक, दालन एक, डॉक्टर बी एकच. मी भाकरीचा तुकडा मोडला आन त्या पोराच्या मोकळ्या हातात दिला. त्येनं तोंडात घातला, पर चावायला दम लागत व्हता त्येला.

"कुटला रं तू?"

"शिरवळकडचा. कुपवाडला कंपनीत हाय. व्हतो."

"घरी कोण?"

"कुणाला सांगितलं न्हाई."

विश्वजित म्हणला, "आज्जे, त्येला बेळगावच्या शेरडांचं सांग की. रातभर झोपला न्हाई त्यो."

म्या सांगाया सुरवात केली. जरमनीपातुर शेरडं न्हेली, बोकडाला तितं एका मडमेनं टोपी घातली ते बी सांगितलं. शिपायानं मोबाईल खाली ठिवला. पोरगं ऐकत व्हतं, बेडी बी वाईच कमी वाजत व्हती. मंग मधीच त्येनं माजा पदर धरला.

"आज्जी, तुमी साहेबाला सांगितलं न्हवं, ह्यो आपणहून आला म्हणून?"

"व्हय."

"माजं बी सांगशीला? मी बी आपणहूनच येणार व्हतो. वाटंत हुतो."

वाटंत व्हता का न्हवता, देवाला ठावं. शिपाई माज्याकडं बगाया लागला, विश्वजित बी. मी भाकरीचं फडकं बांधलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आन लुगडं नीट केलं.

"सांगती की," मी म्हणलं. "तुला धरलेल्या साहेबाचं नाव तेवढं सांग, आन त्यो बसतो कुटं ते."